पाण्याखालची बॅटरी : लेथवाल्या कारागिरांसाठी एक जोडधंदा

आपल्याकडे गावोगाव टॉर्चला 'बॅटरी' असेच म्हणतात. पूर्वी प्रत्येक घरात खुंटीला एक पत्र्याची बॅटरी टांगलेली असे आणि ती बहुधा एव्हरेडी नाहीतर जीप कंपनीची असे. जीप टॉर्च ही अलाहाबादच्या शेरवानी कुटुंबाच्या कारखान्यातून निघत असे, हे नव्या पिढीतील फार थोड्यांना ठाऊक असेल. मग एलईडी आली. निळा प्रकाश देणारी तेजस्वी एलईडी जपानच्या शुजी नाकामुरा यांनी १९९३ साली निचिया कंपनीत तयार केली, तिच्यावरून पांढरी एलईडी निघाली आणि त्या कामाबद्दल नाकामुरा यांना आणखी दोन शास्त्रज्ञांसह २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज कोणत्याही आठवडी बाजारात अ‍ॅल्युमिनियमची, चार्जिंगची, हाताच्या मुठीएवढी टॉर्च मिळते आणि तिचा झोत पूर्वीच्या तीन सेलच्या बॅटरीला लाजवील असा असतो.

प्रश्न असा आहे की, ही टॉर्च पाण्याखाली नेता येईल काय? उत्तर आहे, होय. परंतु जशी आहे तशी नव्हे. तिच्यावर लेथचे काम करावे लागते आणि त्या कामातच आपल्या कारागीर तरुणांसाठी एक छोटा पण स्वतंत्र धंदा दडलेला आहे.

गिऱ्हाईक कोण, हे आधी पाहू. मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत स्कूबा डायव्हिंगचा व्यवसाय वाढला. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या पाणबुड्यांना टॉर्च लागते ती केवळ अंधारासाठी नव्हे. पाण्यात उतरताच लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो, थोड्याच खोलीवर सगळे निळे-हिरवट दिसू लागते आणि जवळून टॉर्च मारली तरच प्रवाळाचा, माशाचा खरा रंग दिसतो. पण माझ्या मते याहून मोठे गिऱ्हाईक किनाऱ्यापासून दूर आहे. विहिरीत पडलेली मोटर काढणारे, बंधाऱ्याच्या दरवाजात अडकलेले ओंडके सोडविणारे, बोटीच्या तळाला चिकटलेली कालवे खरवडणारे, आणि नदीत, तलावात कुणी बुडाले की ज्यांना पोलीस पाटील घरून बोलावून आणतात ते पट्टीचे पोहणारे. या लोकांपैकी बहुतेकांकडे पाण्याखाली चालणारा दिवा नसतो. ते चाचपडत काम करतात. परदेशी डायव्हिंग टॉर्च हजारो रुपयांची, आणि महिन्यातून दोनदा विहिरीत उतरणाऱ्याला ती कशी परवडणार?

या कामात मी कसा पडलो ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात एक चूक आहे आणि ती चूक दुसऱ्या कुणी करू नये. माझा चुलतभाऊ विहिरीतील मोटरी काढण्याचे काम करतो. त्याच्यासाठी मी बाजारातली 'वॉटरप्रूफ' लिहिलेली टॉर्च आणली, झाकणाच्या आट्यांना ग्रीस लावले आणि पाण्याच्या बादलीत तासभर पेटती ठेवली. थेंबभर पाणी आत गेले नाही. मोठ्या विश्वासाने ती त्याच्या हाती दिली. विहिरीत सात-आठ मीटर खाली गेल्यावर टॉर्च एकदम विझली. तो मोटरीच्या पाइपला आणि दोरखंडाला वळसा घालून खाली गेला होता. अंधारात तो वळसा सुटेना. अल्लाहच्या कृपेने डोके शांत ठेवून त्याने हाताने दोर चाचपला आणि वर आला. वर आल्यावर मला काही बोलला नाही, टॉर्च फक्त माझ्या पायाशी ठेवली. उघडली तर आत दोन चमचे पाणी आणि झाकणाच्या रबरी रिंगवर आडवा पडलेला एक केस. माणसाचा एक केस!

बादलीने मला फसविले होते. बादलीत पाणी फूटभर उंच. पाण्याचा दाब दर १० मीटरला चौरस सेंटीमीटरमागे सुमारे १ किलोने वाढतो. फूटभर पाण्याचा दाब म्हणजे त्याचा तेहतिसावा हिस्सासुद्धा नव्हे. खोक्यावर आयपी ६७ असे छापलेले असते, त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात अर्धा तास, एवढाच. आयपी ६८ असेल तर कंपनीने खोली किती आणि वेळ किती हे वेगळे सांगितलेले असले पाहिजे. ते सांगितलेले नसेल तर त्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. पावसात भिजली तर बिघडणार नाही, इतपतच या 'वॉटरप्रूफ'चा अर्थ घ्यावा.

आता दाबाचा हिशेब प्रत्यक्ष टॉर्चवर करू. समोरची काच ४० मिलिमीटर व्यासाची असेल तर तिचे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस सेंटीमीटर होते. १० मीटरवर त्या काचेवर साडेबारा किलोचे वजन बसते, ३० मीटरवर साडेसदतीस किलोचे. साध्या टॉर्चची काच दीड-दोन मिलिमीटर जाडीची, आणि पुष्कळदा ती काच नसून पातळ प्लास्टिकची चकती असते. ती काढून टाकून ६ मिलिमीटर जाडीची अ‍ॅक्रिलिकची चकती बसवावी. नेमप्लेटवाल्यांकडे अ‍ॅक्रिलिकचे तुकडे मिळतात. लेथवर ती चकती गोल कातून कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करावी. मात्र ती थिनरने किंवा स्पिरिटने कधीही पुसू नये. तिला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात आणि दाबाखाली त्याच वाढतात. साबणाचे पाणी पुरेसे आहे.

जाड चकतीसाठी पुढची रिंग नव्याने कातावी लागते. येथे लेथवाल्याचे कसब लागते आणि म्हणूनच हे काम मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर होणारे नाही.

सगळ्यांत महत्त्वाची वस्तू म्हणजे ओ-रिंग. काही रुपयांची ही रबरी रिंग, पण टॉर्चचा आणि कधीकधी माणसाचा जीव तिच्यावर. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर आपल्या बोहरी बंधूंच्या दुकानांतून ती हव्या त्या मापाची मिळते. मागताना नायट्राइल रबराची, ७० शोअर कडकपणाची अशी मागावी. ओ-रिंग बसते ती खाच अंदाजाने कातून चालत नाही. २ मिलिमीटर जाडीची रिंग असेल तर झाकण बसल्यावर तिला साधारण १.६ मिलिमीटर जागा उरावी, म्हणजे ती पाचव्या हिश्श्याने दाबली जाते. खाचेची रुंदी मात्र २.६ ते २.८ मिलिमीटर हवी, कारण रबर दाबले की बाजूला पसरते आणि त्याला पसरायला जागा लागते. खोली जास्त झाली तर रिंग सैल, कमी झाली तर झाकण फिरवताना रिंग कापली जाते. खाचेच्या तळाला कटरच्या आडव्या रेघा राहू देऊ नयेत. पाण्याला तेवढी वाट पुरते. एका ओ-रिंगवर न थांबता एकामागे एक दोन रिंगा बसवाव्यात. एक फसली तर दुसरी सांभाळते.

ग्रीस म्हणून सायकलच्या दुकानातले पिवळे ग्रीस किंवा व्हॅसलीन लावण्याची आपल्याकडे सवय आहे. नायट्राइलवर व्हॅसलीन एक वेळ चालून जाईल, पण टॉर्चमध्ये मुळात सिलिकॉनची रिंग असेल तर ती फुगते आणि खराब होते. नायट्राइलची रिंग आणि सिलिकॉन ग्रीस, ही जोडी धरून ठेवावी. ग्रीसही थोडेच, रिंग चमकेल इतके. जास्त ग्रीस वाळू आणि केस गोळा करते, हे मला कुणी सांगायला नको.

यानंतर बटण. बहुतेक टॉर्चना मागच्या बाजूला रबरी टोपीखाली दाबायचे बटण असते. टोपीचा व्यास १२ मिलिमीटर धरला तर १० मीटरवर तिच्यावर किलोभराहून थोडा जास्त दाब येतो. अंगठ्याने बटण दाबायला तेवढाही जोर लागत नाही. परिणामी समुद्रच तुमचे बटण दाबतो! टॉर्च आपोआप विझते, नाहीतर उघडझाप करू लागते, आणि पाणबुड्याला वाटते सेल संपला. वर येऊन पाहावे तर टॉर्च ठणठणीत. गिऱ्हाईक आणि दुकानदार यांची भांडणे लागतात ती इथे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे बटण काढून तेथे अ‍ॅल्युमिनियमची भरीव टोपी बसवावी आणि पुढचे डोके फिरवून टॉर्च पेटेल-विझेल असे करावे. डोके घट्ट केले की आतली तार टेकते, थोडे सैल केले की सुटते. ओ-रिंग नळीच्या आत सरकणारी असेल तर डोके फिरवूनही पाणी आत येत नाही. धोका एकच, घाईत किंवा थंडीने हात बधिर झाल्यावर माणूस डोके प्रमाणाबाहेर सैल करतो. म्हणून अर्ध्या फेऱ्याच्या पुढे फिरणार नाही असा अडसर लावलाच पाहिजे. दुसरा उपाय लोहचुंबकाचा. आत रीड स्विच, बाहेर सरकणारे चुंबक. नळीला भोकच नाही तर पाणी येणार कुठून? अ‍ॅल्युमिनियममधून चुंबकाचा प्रभाव सहज आत जातो. परंतु रीड स्विचची नाजूक पाती अर्ध्या अँपिअरच्या आसपासच विद्युतप्रवाह सोसतात आणि आजच्या टॉर्च दोन-तीन अँपिअर ओढतात. सरळ जोडला तर पाती चिकटतात आणि दिवा विझतच नाही. मध्ये एक मॉसफेट टाकून रीड स्विचकडून फक्त इशाऱ्याचे काम घ्यावे. हे सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर मिळतात. मी स्वतः पहिला उपाय पसंत करतो. त्यात बिघडण्यासारखे कमी आणि गावात दुरुस्त होण्यासारखे जास्त.

काही हौशी लोक टॉर्चमध्ये पातळ खनिज तेल भरतात. हवाच नाही म्हटल्यावर दाब चेपणार कशाला, असा त्यामागचा विचार आहे आणि तो चुकीचा नाही. पण एलईडीपुढे प्लास्टिकचे भिंग असेल तर तेलात त्याचा झोत पार विस्कटतो, कारण तेल आणि प्लास्टिक यांमधून प्रकाश जवळपास सारखाच वळतो आणि भिंगाचे काम उरत नाही. चकचकीत वाटीचा परावर्तक असेल तर बरे चालते. शिवाय प्रत्येक वेळी सेल बदलताना हात, कपडे आणि बोटीचा फळा तेलकट होतो. विकण्याच्या मालात हे करू नये.

प्रकाशाच्या वळण्याचा विषय निघालाच आहे तर, सपाट काचेतून पाण्यात शिरताना झोत आपोआप अरुंद होतो, हेही ध्यानात ठेवावे. हवेत ६० अंशांचा असलेला झोत पाण्यात ४४ अंशांच्या आसपास भरतो. बसरा येथे जन्मलेल्या इब्न अल-हैथम यांनी हजार वर्षांपूर्वी ज्या वक्रीभवनाचा अभ्यास केला तेच हे. आपल्या गढूळ पाण्यात अरुंद झोत सोयीचा पडतो. रुंद झोत गाळाच्या कणांवरून उलटून डोळ्यांवर येतो. धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावल्यासारखे होते.

सेलबद्दल थोडे कडक लिहितो. या टॉर्चमध्ये १८६५० नावाचा लिथियम सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. चांगल्या कंपनीच्या अशा सेलची क्षमता ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. बाजारात ९९०० छापलेले सेल सर्रास मिळतात. ते निव्वळ खोटे. टॉर्चवर छापलेल्या ल्युमेनच्या आकड्यांचीही तीच गत. आपण मापात पाप म्हणतो ते हेच आणि अशा मालाला आपले नाव लावणे शोभत नाही. भारतीय मानक १६०४६ ची नोंद असलेलाच सेल वापरावा. खारे पाणी आत गेले की सेलच्या विजेने पाण्याचे विघटन सुरू होते आणि हायड्रोजन वायू तयार होतो. नळी बंद, वायूला बाहेर जायला वाट नाही. अशी पाणी शिरलेली टॉर्च तोंडासमोर धरून झाकण उघडणे म्हणजे सुतळी बॉम्ब हातात धरणे होय. मोकळ्या जागी, तोंड आणि माणसे यांपासून दूर वळवून, आटे हळूहळू सैल करावेत आणि तो सेल पुन्हा वापरू नये, चार्ज करून तर मुळीच पाहू नये.

आता चाचणी. आधी सेल न घालता, आत कोरडा टिश्यू पेपर घालून टॉर्च बंद करावी. पेपर ओला झाला की नाही हे लगेच कळते. किनाऱ्यावर असाल तर शिशाचे वजन बांधून खुणा केलेल्या दोरीने ती होडीवरून सोडावी. गावात असाल तर पाण्याच्या फिल्टरचे प्लास्टिकचे मोठे भांडे घ्यावे आणि प्लंबर नळ तपासायला वापरतात तो हातपंप त्याला जोडावा. भांड्यावर छापलेल्या मर्यादेच्या आत राहून ३ किलोपर्यंत दाब नेला की ३० मीटर पाण्याची परीक्षा वर्कशॉपमध्येच होते. भांडे पाण्याने काठोकाठ भरावे, आत हवा ठेवू नये. दाबलेली हवा भांडे फोडते तेव्हा तुकडे उडतात, पाणी नुसते गळते. अर्धा तास दाब ठेवावा. एवढे करूनही कमी दाबावरची चाचणी वेगळी घ्यावी. गंमत अशी की, खोल पाण्यात दाबामुळे ओ-रिंग आपल्या जागी घट्ट बसते आणि उथळ पाण्यात तीच कधीकधी गळते. मग सेल घालून, टॉर्च पाण्यात बुडवून सलग पेटवावी. पाण्याने ती थंड राहते. बाहेर टेबलावर पूर्ण उजेडात जास्त वेळ ठेवली तर चटका बसेल इतकी तापते, हेही गिऱ्हाइकाला सांगावे.

मालातील दोष लपवून विकू नये, ही आपली धंद्याची पहिली अट आहे. त्यामुळे प्रत्येक टॉर्चवर क्रमांक कोरावा आणि ती ज्या खोलीपर्यंत तपासली त्याच्या निम्मीच खोली विकताना सांगावी. ३० मीटरची परीक्षा झाली असेल तर १५ मीटर सांगा. स्कूबाच्या पहिल्या पातळीचे प्रशिक्षण घेतलेल्यांची मर्यादा १८ मीटर असते, विहिरी बहुधा त्याच्या आतच. रात्री किंवा गढूळ पाण्यात उतरणाऱ्याला एक नव्हे, दोन टॉर्च घ्यायला सांगा. तुम्ही जास्त माल खपवता असे त्याला वाटले तरी हरकत नाही. माझा चुलतभाऊ आता तीन घेऊन उतरतो.

एक गिऱ्हाईक मात्र दारातूनच परत पाठवावे लागेल. पाण्यात सोडायचे मोठे एलईडी दिवे बनवून द्याल काय, असे विचारत लोक येतील. पैसेही भरपूर देऊ करतील. हे दिवे मासे गोळा करून जाळ्यात ओढण्यासाठी असतात. कृत्रिम प्रकाशाच्या साहाय्याने मासेमारी करण्यावर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये आपला सागरी मासेमारी कायदा अधिक कडक करून लाखांच्या घरातील दंड ठेवला. कायदा बाजूला ठेवला तरी, या दिव्यांनी मासा ओढला जातो तो रापण आणि छोट्या होडीवाल्यांच्या तोंडचा. हर्णैपासून मालवणपर्यंत त्यांत आपले दालदी भाऊ आहेत आणि कोळी, गाबीत शेजारीही आहेत. 'मी फक्त दिवा बनवला, मासा मी पकडला नाही' हे उत्तर मला तरी पटत नाही. मी एकदा असे काम परत केले. त्या महिन्यात हात आखडला, हे खरे आहे.

भांडवलाचे म्हणाल तर, ज्याच्याकडे लेथ आहे त्याला वेगळे यंत्र घ्यावे लागत नाही. व्हर्नियर चांगला हवा, चाचणीचे भांडे आणि पंप हवा, ओ-रिंगांचा एक खोका हवा. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिच्यासाठी एजंटाला पैसे देऊ नयेत. अल्पसंख्याक तरुणांसाठी मौलाना आझाद आर्थिक विकास महामंडळाच्या कर्जयोजना आहेत, त्यांची चालू माहिती जिल्हा कार्यालयात विचारावी. ज्यांना व्याजाचा व्यवहार टाळायचा आहे त्यांनी मुदारबतचा मार्ग धरावा, म्हणजे एकाचे पैसे, दुसऱ्याची मेहनत, नफा आधी ठरलेल्या हिश्श्याने आणि बुडाले तर तोटा पैसेवाल्याचा. वीस-पंचवीस टॉर्चच्या पहिल्या खेपेला एवढे पुरते. आखातातून परतलेल्या, लेथ आणि वेल्डिंगचा हात असलेल्या भावांना हे जमण्यासारखे आहे. त्यांच्यापैकी अनेकांनी तिकडे याहून अवघड सीलिंगची कामे केलेली आहेत.

हंगामही सोयीचा पडतो. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा जुन्या टॉर्च दुरुस्तीला येतात आणि नव्या बनवून ठेवायला वेळ मिळतो. ऑक्टोबरपासून समुद्र निवळला की डायव्हिंगवाले मागतात. मार्च ते मे विहिरीतील मोटरींचा काळ. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक टॉर्चची ओ-रिंग न विचारता बदलावी, गोड्या पाण्याने आटे धुवावेत, पुन्हा दाबाची परीक्षा घ्यावी आणि वहीत त्या क्रमांकापुढे तारीख टाकावी. माझ्या वहीत क्रमांक १ पुढे तारीख नाही. ती टॉर्च चुलतभावाने परत दिली नाही. त्याच्या घरात ती खुंटीला टांगलेली आहे, आणि केस तसाच रिंगवर आहे.